थंड पाण्याचा मासा : ट्राउट आणि फ्लाय फिशिंगविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हिमाचलातील तीर्थन खोऱ्याच्या भटकंतीविषयी लिहिताना ट्राउट माशाचा आणि त्याला धरण्याच्या फ्लाय फिशिंग या पद्धतीचा उल्लेख मी अवघ्या दोन वाक्यांत केला होता. लेखातील देवदारांविषयी आणि लाकडी घरांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पत्रे आली ती या दोन वाक्यांवर, आणि तीही बहुतेक ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरून. ज्यांच्या घरात मासा रोजचा आहे, त्यांनाच मासा धरण्याच्या एका परक्या पद्धतीचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच म्हणायचे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

लहानपणी आम्ही उपवन तलावावर आणि येऊरच्या ओढ्यांत गळ टाकत असू. ट्राउट आपल्याकडे आणून सोडता येणार नाही का? ठाण्यात नाही, तर निदान महाबळेश्वरला तरी तो का नसावा?
— एक वाचक, घोडबंदर रोड

नसावा, कारण तो तेथे जगणार नाही. ट्राउटविषयी जे काही समजून घ्यायचे ते पाण्याच्या तापमानापासून सुरू होते, म्हणून तुमचे पत्र सर्वांत आधी घेतले आहे. हा मासा साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुखाने राहतो, खातो आणि वाढतो. पाणी २० अंशांच्या पुढे गेले की तो खाणे टाकू लागतो, आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. यामागचे कारण दुहेरी आहे. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी: समुद्रसपाटीवर १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. दुसरीकडे, पाणी तापले की माशाच्या शरीराचे व्यापार वेगाने चालू लागतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे पुरवठा घटतो नेमका त्याच वेळी मागणी चढते. मे महिन्यात आपल्या तलावांचे पाणी तिशीच्या घरात असते; त्यात चिलापी आणि मरळ मजेत राहतात, कारण चिलापी मुळातच उबदार पाण्याचा मासा आहे आणि मरळ तर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. ट्राउटला ही सोय नाही.

महाबळेश्वरची हवा थंड असली तरी उंची अपुरी पडते. दक्षिण भारतात ट्राउट आहे, पण तो नीलगिरीत अव्हलांचच्या परिसरात आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरांत, म्हणजे सुमारे २,००० मीटरच्या आसपास आणि त्याहून वर. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते, आणि सह्याद्रीतले ओढे तर होळीनंतर बहुधा आटलेलेच असतात. आपल्याकडच्या वाहत्या पाण्याचा मानकरी मासा खवल, ज्याला इतरत्र महसीर म्हणतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत तो देवाचा मासा म्हणून राखला जातो. लोक त्याला चुरमुरे घालतात आणि कोणी गळ टाकत नाही. तेथे एकदा अवश्य जा, मात्र रॉड घरी ठेवून.

माझे सासरे सारसोळ्याच्या खाडीत वर्षानुवर्षे गळाने मासे धरतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसते असे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग मासा काय तुझ्या तोंडाकडे बघून येणार आहे?” मी त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, नेरूळ

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न वाजवी आहे. आमच्या तळकोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात, आणि गरवताना गळाला कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावून शिशाच्या वजनाने तो दूर फेकतात. वजन पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा आहे. गळावर दोरा, पीस आणि केस गुंडाळून किड्यासारखी बनवलेली ‘फ्लाय’, म्हणजे खोटी माशी, इतकी हलकी असते की ती स्वतःच्या बळावर हातभरही जाणार नाही. म्हणून वजन ठेवलेले असते ते दोरीत. नवशिक्याला योग्य अशा पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात; रॉड मागे-पुढे नेल्यावर हवेत उलगडत जाणारी ही लाइनच माशीला आपल्याबरोबर घेऊन जाते. पोतराजाचा आसूड ज्याने पाहिला आहे, त्याला हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. फरक एवढाच की आसूड वाजला पाहिजे आणि लाइन वाजता कामा नये. मागे गेलेली लाइन पूर्ण सरळ होण्याआधीच हात पुढे आणला, तर कानामागे ‘फट्’ असा आवाज येतो आणि माशी तुटून झुडपात जाते. पहिल्या दिवशी माझ्या पाच माशा अशाच गेल्या.

आता आमिष का नाही, याविषयी. ट्राउटच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे पाण्यातले किडे. मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या तीन गटांतील किड्यांच्या अळ्या नदीतल्या दगडांखाली महिनोन्महिने वाढतात, मग ठरावीक हवामानात झुंडीने पाण्यातून वर येतात, पंख फुटून उडतात, मीलन करतात, अंडी घालतात आणि मरतात. मेफ्लायचे पंख फुटल्यानंतरचे आयुष्य तर काही तासांचे किंवा फार तर एक-दोन दिवसांचे असते. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या घरात दिव्याभोवती पंखांच्या वाळव्यांची जी झुंड उठते, तसेच दृश्य तेथे संध्याकाळी नदीवर दिसते आणि मासे वर येऊन टपाटप तोंड मारू लागतात. अशा वेळी त्यांना समोर दिसणारा तोच किडा हवा असतो. तरंगणारी ‘ड्राय फ्लाय’ त्या पंख फुटलेल्या किड्याची नक्कल करते आणि बुडणारी ‘निम्फ’ दगडाखालच्या अळीची. सासऱ्यांना एवढेच सांगा की आमिष आहे, फक्त त्याला वास नाही. त्यामुळे नक्कल फसली की मासा दुसऱ्यांदा बघत नाही.

आणि त्यांच्यासाठी एक आवडीची गोष्ट: खाडीतला जिताडादेखील फ्लायला येतो. ऑस्ट्रेलियात तो बॅरामंडी या नावाने फ्लायवर धरला जाणारा नावाजलेला मासा आहे. खाडीचे उधाण आणि भांग त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळतात, त्यामुळे प्रयोग करायचा झाल्यास वेळ त्यांनी ठरवावी.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तीर्थन खोऱ्यात जाण्याचा बेत आहे. उन्हाळा हा ट्राउटसाठी योग्य काळ आहे का? दिवसातून केव्हा आणि नदीच्या कोणत्या भागात जावे?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

हिमाचलात ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतात, कारण तो अंडी घालण्याचा काळ आहे. मार्च ते ऑक्टोबर हंगाम खुला असतो. काश्मिरात तो साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. त्यामुळे मे महिना कायद्याने खुला आहे, पण नदीने तो किती खुला ठेवला आहे हे वरच्या बर्फावर अवलंबून असते.

आपल्याकडे नदी फुगते ती पावसाने. हिमालयात भर उन्हात, आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगते, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. दिवसा ऊन वाढते तसा शिखरांवरचा बर्फ वितळतो. ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात, आणि दुपारनंतर प्रवाह वाढून त्याचा रंग ताकासारखा होतो. त्या गढूळ पाण्यात माशाला माशी दिसत नाही. रात्री वितळणे मंदावते, त्यामुळे पहाटे ते साधारण दहा-अकरापर्यंत पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत नितळ असते. म्हणून मे-जूनमध्ये सकाळ हीच वेळ. मुलांना साडेपाचला उठवणे तुम्हाला जमणार असेल तरच रॉड न्या. नऊ वाजता पराठे खाऊन निघणाऱ्यांसाठी हा खेळ नाही.

दुसरा उपाय म्हणजे मुख्य नदी सोडून वर आणि बाजूला जाणे. तीर्थनला जागोजागी लहान नाले येऊन मिळतात. ज्यांच्या माथ्यावर बर्फ उरलेला नाही आणि जे झऱ्यांवर चालतात, त्यांचे पाणी मे महिन्यातही काचेसारखे असते. तेथील मासे वीतभर लांबीचे असतात, पण भुकेले असतात, आणि अशा नाल्यात शिकलेला माणूस मोठ्या नदीत कमी चुकतो. पाणी तापण्याच्या दृष्टीनेही वरचाच भाग बरा, कारण नदी जसजशी खाली लारजीकडे उतरते तसतशी ती उबदार होत जाते. मात्र खोऱ्यातल्या गुशैणी गावाच्या पुढे वर चालत जाताना ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द लागते. राष्ट्रीय उद्यानात गळ टाकता येत नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेले हे उद्यान आहे. तेथे नुसते चालावे. खोऱ्यातल्या खुल्या भागासाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि तो काढण्यास स्थानिक गेस्ट हाऊसवाले मदत करतात. “येथे कोणी विचारत नाही,” असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच, त्याचे ऐकू नका.

नदीवर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. आधी पाहावे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणे वरून वाहत येते. पण तो भर वेगात उभा राहत नाही, कारण तेथे टिकून राहण्यात मिळते त्याहून अधिक शक्ती खर्च होते. वेगवान आणि संथ पाण्याच्या मधोमध जी शिवण दिसते, मोठ्या दगडाच्या मागे आणि पुढेही जो शांत खिसा असतो, काठाच्या कपारीखाली जी सावली असते, तेथे तो सापडतो: स्वतः संथ पाण्यात, डोळा मात्र शेजारच्या वेगावर. माशाचे तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असल्याने त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूने वर सरकत जावे. पाण्याखालून त्याला बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसते आणि काठावरचे उंच ते सारे त्या झरोक्याच्या कडेला येते. म्हणून वाकून चालावे, भडक कपडे टाळावेत आणि सावली पाण्यावर पडू देऊ नये. माशी वरच्या बाजूला टाकून ती प्रवाहाबरोबर मोकळी वाहू द्यायची. लाइन मध्ये ताणली गेली की माशी पाण्यावर रेघ ओढत जाते, आणि खरा किडा कधी रेघ ओढत नाही. येथे पतंगबाजीचा हात उपयोगी पडतो. ढील केव्हा द्यायची हे ज्याला मकरसंक्रांतीला कळते, त्याला नदीवरही कळते.

जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात पावसामुळे नद्या गढूळ होतात आणि रस्ते खचतात, तेव्हा तिकडे जाऊ नये. त्या काळात लिद्दरसारख्या काश्मीरमधील नद्यांवर मोसमी पावसाचा जोर तुलनेने कमी असतो. तेथे नदीचे ठरावीक पट्टे, म्हणजे ‘बीट’, परवान्यावर दिले जातात. माझ्या मते मात्र सर्वोत्तम काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शाळा सुरू असतात, हे खरे.

ऑनलाइन स्वस्तात फ्लाय फिशिंगचा संच मागवला. रॉडवर नंबर नाही, लाइन साध्या नायलॉनची निघाली आणि विक्रेता परत घेत नाही. यावर काम भागेल का?
— एक वाचक, कळवा

नाही. साध्या नायलॉनला वजन नसते, त्यामुळे माशी जाणारच नाही. रीळ ठेवा, रॉड ९ फुटांच्या आसपास आणि पाच नंबरची घ्या, तोच नंबर लाइनवर पाहा, पुढे ९ फुटांचा लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा निमुळता दोरा, आणि माशी बांधायला ५एक्सचा टिपेट, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा दोरा. सराव गवतावर होतो: गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून सोसायटीच्या किंवा पालिकेच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर, फिरायला येणाऱ्यांच्या आधी.

ट्राउट मूळचा हिमालयातला आहे का? तेथील नद्यांत तो नेहमीच होता असे मुलांना शिकवावे की नाही?
— एक शिक्षिका, ऐरोली

शिकवू नका. तपकिरी ट्राउट हा युरोपचा मासा आणि रेनबो ट्राउट पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा. इंग्रज अधिकाऱ्यांना विलायतेतला छंद येथे हवा होता, एवढेच त्याच्या येण्याचे कारण. काश्मीरसाठी १८९९ मध्ये आणलेली अंडी वाटेतच खराब झाली; १९०० मध्ये आलेली तगली आणि श्रीनगरजवळ हारवन येथे ती उबवली गेली. या उद्योगात पुढाकार घेणारे मिचेल हे श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवत असत. काश्मीरमधून पुढे १९०९ च्या सुमारास हा मासा कुल्लू खोऱ्यात गेला. नीलगिरीत फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात केलेले प्रयत्न फसले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्सन यांनी तेथे रेनबो ट्राउट रुजवला.

याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. हिमालयीन नद्यांचा स्वतःचा मासा म्हणजे ‘स्नो ट्राउट’. नावात ट्राउट असला तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. तपकिरी ट्राउट लहान मासे खातो आणि जागेसाठी भांडतो, त्यामुळे जेथे तो बळावतो तेथे या मूळच्या माशाला सोसावे लागते. छंद म्हणून मला ट्राउट प्रिय आहे, पण नव्या नद्यांत तो सोडण्याच्या मागणीला मी हात वर करणार नाही.

मासा धरायचा आणि पुन्हा सोडायचा, हा त्याचा छळ नाही काय? खायचा नसेल तर धरायचा कशाला?
— एक वाचक, नौपाडा

आक्षेप खोडून काढण्याचा प्रयत्न मी करणार नाही. गळ माशाला सुखाचा वाटत नाही, हे उघड आहे. परवान्यावर मर्यादित मासे ठेवता येतात आणि एखादा मासा मारून त्याच संध्याकाळी खाणे मला सोडण्याइतकेच प्रामाणिक वाटते. हॉटेलातील ताटात येणारा ट्राउट बहुधा शेततळ्यात वाढवलेला रेनबो असतो, त्यामुळे नदीतला तपकिरी मासा सोडून देणाऱ्याची जीभ काही उपाशी राहत नाही.

सोडायचा तर मात्र तो जगला पाहिजे, नाही तर सोडणे हे निव्वळ सोंग ठरते. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा, म्हणजे तो क्षणात निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर लागून येतो, आणि तोच त्याचे रोगांपासून रक्षण करतो. त्याला पाण्याबाहेर काढून छायाचित्रासाठी धरून ठेवणे म्हणजे धावून दमलेल्या माणसाचे नाकतोंड दाबण्यासारखे आहे. आणि उन्हाळ्यात सर्वांत महत्त्वाचे साधन रॉड नसून दोरीला बांधलेला थर्मामीटर. धडपडीत माशाला लागणारा प्राणवायू उबदार पाण्यात असतच नाही. तो डोळ्यांदेखत पोहत जातो आणि तासाभराने कुठेतरी खाली मरतो, आपल्याला मात्र सोडल्याचे समाधान मिळते. पाणी २० अंशांवर गेले की लाइन गुंडाळून ठेवावी. पारा १८ ला टेकल्यावरच मी परत फिरतो, याला सोबती भित्रेपणा म्हणतात.

माझे पती दरवर्षी एकटेच जातात आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. मला काळजी वाटते. ती अनाठायी आहे का?
— एक वाचिका, कोपरखैरणे

अनाठायी मुळीच नाही. तीर्थन आणि सैंज या नद्या लारजीला बियासला मिळतात आणि तेथे धरण आहे. ८ जून २०१४ रोजी त्याच्या खाली थलौटजवळ, धरणातून सोडलेले पाणी अचानक वाढल्याने हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. ते पोहत नव्हते, नुसते नदीच्या दगडांवर उतरले होते. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिलेले नाहीत, म्हणून ती त्या मानाने सुरक्षित. पण बरोटच्या उहळ नदीवर १९३० च्या दशकापासून वीजनिर्मितीसाठी पाणी अडवले जाते. धरणाच्या खालच्या बाजूला कधीही पाण्यात उतरू नये, हे पतिराजांना माझ्या नावाने सांगा.

एरवीही गुडघ्याच्या वर पाणी नको. कमरेला घट्ट पट्टा असावा, म्हणजे पडल्यावर वेडर, म्हणजे पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार, पाण्याने भरत नाही. हातात काठी आणि गळ्यात शिट्टी असावी. कोणत्या नाल्याला निघाले आहेत आणि केव्हा परतणार आहेत, हे गेस्ट हाऊसमध्ये सांगून जावे. उतरण्यापूर्वी काठाजवळ पाण्याबाहेर डोके काढलेला एक दगड हेरून ठेवावा आणि दर चार-पाच फेकींनंतर त्याच्याकडे नजर टाकावी. दगड ओला झालेला दिसला, तर माशी पाण्यात असली आणि समोर मासा वर येत असला तरी बाहेर पडावे.